तीन पोल, चार वर्षं: काचा धुवायच्या वॉटर फेड पोलचा माझा अनुभव

पिंपरी-चिंचवडला माझं काचा आणि सोलर पॅनल धुवायचं छोटं काम आहे, मी धरून पाच जण. ओळखीतली बरीच पोरं आता याच धंद्यात उतरतायत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, दादा पोल कुठला घेऊ, अॅल्युमिनियमचा चालेल का, कार्बन फायबरचाच लागतो का, ऑनलाइन तो स्वस्तातला दिसतोय तो घेऊन टाकू का. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही म्हणून एकदाच नीट लिहितो. तिन्ही पोल मी स्वतःच्या पैशाने घेतलेत, कुणाची जाहिरात करत नाहीये.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची लांब काठी, टोकाला ब्रश, ब्रशमध्ये दोन किंवा चार बारीक भोकांचे जेट आणि काठीच्या आतून वर गेलेला पाण्याचा पाइप. माणूस खाली जमिनीवर उभा आणि ब्रश दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या काचेवर. पाण्यातले क्षार आधीच काढलेले असतात त्यामुळे वायपर नाही, फडकं नाही, साबण नाही, घासलं, वरून पाणी सोडलं आणि पुढच्या काचेवर गेलं, ती आपली आपण वाळते आणि डाग राहत नाही. इंग्लंडमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले, जिथे चढणं टाळता येतं तिथे चढू नका असं त्यात स्पष्ट आहे, त्यानंतर तिकडे साध्या घरांच्या खिडक्यासुद्धा शिडी न लावता याच पोलने धुवायची पद्धत जोरात पसरली.

आम्ही आधी घोड्यावर चढून करायचो. बारा फुटी घडीचा घोडा, त्याच्या वरच्या पायरीवर एक जण, खाली दुसरा धरून. एका शोरूमच्या बाहेर फरशी ओली होती, घोड्याचा एक पाय सरकला आणि आमचा एक मुलगा खाली आला. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. त्याची आई दवाखान्यात मला काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत बसली होती, ते मला आजही सहन होत नाही. त्या आठवड्यात मी पहिला पोल मागवला. त्यामुळे माझं या वस्तूबद्दलचं मत थोडं जिव्हाळ्याचं आहे हे आधीच सांगतो.

पहिला पोल अॅल्युमिनियमचा, वीस फुटी, ब्रशसकट नऊ हजाराला पडला. वाईट म्हणणार नाही मी त्याला. पहिल्या मजल्यापर्यंत बरा चालतो, सोलर पॅनलला तर एकदम चांगला, कारण पॅनलवर काठी आडवी-तिरकी चालते, सरळ डोक्यावर धरायची नसते. पण पूर्ण उघडून उभा केला की जड पडतो, टोक डुलतं, दोन तासात खांदे भरून येतात. आणि उन्हात असा तापतो की हातमोज्याशिवाय धरवत नाही, एप्रिल-मे मध्ये पुण्यात काय ऊन असतं ते सांगायला नको. आपटला की पोचा येतो आणि पोचा आला की ती नळी आतल्या नळीवर सरकत नाही, मग तो पोल तेवढ्याच लांबीचा राहतो. माझा आता पंधरा फुटांचा झालाय.

दुसरा पोल म्हणजे माझं खरं नुकसान. तीस फुटी "फुल कार्बन" म्हणून सव्वीस हजाराला घेतला, दिसायला काळाकुळकुळीत, वरून ती विणलेली चौकटीची नक्षी. दोन-तीन दिवस वापरल्यावर वाटलं हा कार्बनच्या मानाने फार लवतोय, दुसऱ्या मजल्यावर ब्रश लावला की मधला भाग धनुष्यासारखा वाकायचा, काचेवर दाबच पोचायचा नाही. आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं, मल्टिमीटर लावून बघ. कार्बनमधून वीज जाते, काचेच्या धाग्यातून म्हणजे ग्लास फायबरमधून जात नाही. वरच्या लेपावर पिना टेकवून काही कळत नाही कारण लेप वीज जाऊ देत नाही, नळीचं कापलेलं टोक थोडं पॉलिश पेपरने घासायचं आणि त्या उघड्या कडेवर दोन्ही पिना टेकवायच्या. सहा नळ्यांपैकी वरच्या फक्त दोन नळ्यांना मीटर वाजला, बाकी चार गप्प. म्हणजे चार नळ्या ग्लास फायबरच्या, वरून काळा रंग आणि नक्षीचा कागद. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला की हायब्रिड आहे साहेब, हायब्रिडलाही कार्बनच म्हणतात. तसं म्हणत नाहीत. हायब्रिड ही वेगळी चांगली वस्तू आहे, ग्लास आणि कार्बन मिसळून केलेली, मधल्या किमतीची, वीस-बावीस फुटापर्यंत मजेत वापरा, पण ती हायब्रिड म्हणूनच विकली पाहिजे. नाव मी लिहीत नाही. तुम्ही घेताना मीटर खिशात ठेवा एवढंच, आणि टोक घासून बघू देत नसेल तर तिथून निघा.

तिसरा खरा कार्बन, तोही तीस फुटी, अठ्ठावन्न हजार, ब्रश आणि पाइपसकट, बाहेरून मागवलेला. सामानाचं वजन करायचा हुकाचा काटा असतो ना त्यावर मी दोन्ही तीस फुटी टांगून पाहिले, नुसता पोल. दुसरा चार किलोच्या वर आणि हा सव्वादोन. ऐकायला दोन किलोचा फरक काही नाही पण हे वजन पिशवीसारखं खाली लटकत नाही, डोक्याच्या वर तीस फुटांवर तोलायचं असतं आणि दिवसभर तोलायचं असतं. पहिल्या दिवशी माझा सगळ्यात जुना मुलगा म्हणाला, दादा हा तर उसाच्या कांडक्यासारखा उचलतोय. त्याचा हात संध्याकाळी वर जात होता, हे मी पोल घेतल्यापासून पहिल्यांदा बघितलं.

आता महत्त्वाचं, म्हणजे लांबी. लोक इथेच फसतात. कधीतरी पाच मजल्याचं काम मिळेल म्हणून पन्नास फुटी पोल घेतात आणि रोज त्याने पहिला मजला धुतात. पन्नास फुटीची खालची नळी जाड असते, हातात नीट मावत नाही, बंद केला तरी वजन सगळंच्या सगळं उचलावं लागतं. मी माझ्या वहीतली मागच्या वर्षाची कामं काढून बघितली तर दहातली आठ कामं तळमजला अधिक दोन मजल्यांच्या आत होती. बंगले, शोरूम, शाळा, दवाखाने, छोटे ऑफिस. राहत्या इमारतीचा मजला साधारण दहा फूट धरा, दुकान-ऑफिसचा बारा ते चौदा, आणि ब्रश खिडकीच्या वरच्या चौकटीला लागला पाहिजे. पोल सरळ उभा धरत नाहीत, थोडा तिरका असतो, त्यात लांबी थोडी जाते पण तुमच्या हाताची उंची त्यात मिळवली की भरून निघते. म्हणून राहत्या इमारतीला तीस फुटी पोल तळमजला अधिक दोनला आरामात पुरतो, दुकान-ऑफिसला तळमजला अधिक एकला. विचारताना एक नीट विचारा, तीस फूट ही पोलची लांबी आहे की माणूस धरून पोच आहे, कारण काही जण पंचवीस फुटी पोलला तीस फुटी म्हणून विकतात आणि ते खोटंही नसतं, फक्त पोच सांगितलेली असते. ज्याचं रोजचं काम ज्या उंचीला आहे त्याने त्या उंचीचा पोल घ्यावा आणि त्या एका पोलवर पैसे मोकळ्या हाताने खर्च करावेत. वर्षातून दोनदा येणाऱ्या मोठ्या कामाला भाड्याने आणा नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याला सोबत घ्या, आम्ही तसंच करतो.

वजनाबद्दल अजून एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाइपमधल्या पाण्याचं पण वजन असतं. आतून पाच मिलिमीटरचा पाइप असेल तर दहा मीटरला साधारण दोनशे ग्रॅम पाणी, आठ मिलिमीटरचा घेतला तर पाचशे. तेच ब्रशचं, टोकाला तीनशे ग्रॅमचा ब्रश आणि सातशे ग्रॅमचा ब्रश यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, टोकाचं वजन सगळ्यात जास्त खातं. डुकराच्या केसांचे ब्रश घाण चांगली सोडवतात, पहिल्या धुण्याला मी तेच लावतो, पण ते पाणी पितात आणि जड होतात. नेहमीच्या धुण्याला नायलॉनचा हलका ब्रश.

आणि आता पाणी. अठ्ठावन्न हजाराचा पोल घेतला आणि बोअरचं पाणी जोडलं तर काच आधी होती त्याच्यापेक्षा वाईट दिसते, पांढरे थेंब थेंब वाळतात आणि ते फडक्यानेही जात नाहीत. तीनशे-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या, लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते तो दाखवतो, आणि रोज पहिली बादली भरली की बुडवा. आमच्याकडे महापालिकेचं पाणी शंभर-सव्वाशे दाखवतं, टँकरचं कधी सहाशे कधी आठशे, ते टँकर कुठल्या विहिरीचा आलाय त्यावर. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडच्या मानकात पाचशेपर्यंत चालतं म्हणजे पिताना काही कळणार नाही, पण काचेला दहाच्या वर गेलं की डाग दिसायला लागतात. मी शून्य ते पाचमध्ये ठेवतो, सात दाखवलं की काम थांबवून रेझिन बदलतो.

रेझिन म्हणजे बारीक साबुदाण्यासारखे मणी असतात, सिलिंडरमध्ये भरलेले, पाणी त्यातून जाताना क्षार धरून ठेवतात. पाणी जितकं खारं तितकं रेझिन लवकर संपतं. माझा दहा लिटर रेझिनचा सिलिंडर महापालिकेच्या पाण्यावर दोन हजार लिटरच्या आसपास जातो आणि तोच टँकरच्या सहाशेच्या पाण्यावर साडेतीनशे लिटरमध्ये आटोपतो. एक पोल मिनिटाला दोन-तीन लिटर पाणी घेतो, म्हणजे टँकरचं पाणी थेट रेझिनवर सोडलं तर अर्ध्या दिवसात सिलिंडर संपला. म्हणून ज्यांचं सगळं काम टँकर-बोअरवर आहे त्यांनी आधी आरओ बसवावा, तो नव्वद-पंचाण्णव टक्के क्षार काढतो, उरलेलं रेझिन काढतं आणि मग ते महिनोन्महिने टिकतं. आरओतून जे फेकलेलं पाणी निघतं ते आम्ही एका वेगळ्या टाकीत घेतो आणि त्याने गाडी, पार्किंग, कट्टे धुतो, पाण्याचे हाल असलेल्या सोसायटीत ते गटारात सोडणं बरं दिसत नाही आणि मनालाही पटत नाही. घरातला पिण्याचा आरओ चालेल का असं विचारतात. नाही चालत. एक तर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी देतो, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळे मीटरवर पन्नास-साठ दिसतं.

संपलेल्या रेझिनला कधीकधी बोंबलासारखा वास येतो. आमच्याकडे एका सोमवारी सगळ्या गाडीत तोच वास, पोरं म्हणतात काहीतरी मेलंय. सिलिंडर उघडून बघितला तर रेझिन संपलेलं आणि दोन दिवस उन्हात गाडीत राहिलेलं. गाडी सावलीत लावत जा.

पंपाबद्दल जास्त लिहीत नाही, बारा व्होल्टचा साधा डायफ्रामचा पंप आणि एक बॅटरी बास होते. फक्त हे लक्षात ठेवा की गच्चीवरच्या टाकीला नळी जोडून काम भागवायचं म्हटलं तर ते पाणी टाकीच्या उंचीच्या वर चढणार नाही, आणि दर दहा मीटरला एक बार दाब नुसता वर चढवण्यातच जातो. खाली जोरात दिसणारी धार वर टोकाला जाईपर्यंत निम्मी होते.

आता निगा. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पोल मोडतात ते वापरून कमी आणि तसेच गुंडाळून ठेवल्याने जास्त. आमच्याकडे काम संपलं की दहा मिनिटं पोलची असतात, कितीही उशीर झाला तरी. पोल आडवा ठेवायचा, एकेक नळी पूर्ण बाहेर काढायची, उरलेल्या शुद्ध पाण्याने ओलं केलेलं मऊ फडकं नळीभोवती मुठीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायचं. चाकणच्या बाजूला काम केलं असेल तर फडकं पहिल्याच ओढीत काळं होतं आणि बोटांना कचकच लागते, ती धूळ, बारीक वाळू, सिमेंट. हीच कचकच दोन नळ्यांच्या मधे अडकते आणि उघड-बंद करताना पॉलिश पेपरचं काम करते. माझ्या दुसऱ्या पोलच्या तिसऱ्या नळीवर बघा, लांबच्या लांब करड्या रेघा आहेत, नखाला लागतात. त्या रेघांमुळे नळी बारीक होते, मग क्लॅम्प, म्हणजे दोन नळ्यांच्या जोडावरची खटक्याची पकड, धरत नाही, मग क्लॅम्पचा स्क्रू आवळायचा, मग नळी चिरडते. सगळं एका न मारलेल्या फडक्यापासून सुरू होतं.

क्लॅम्प सरकायला लागला की पोरांचा पहिला हात तेलाच्या डब्याकडे जातो. तेल, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे यातलं काहीही लावू नका. तेल लावल्यावर खटका मऊ चालतो खरा पण नळी घसरायला लागते आणि धूळ त्याला चिकटून मलम तयार होतं, शिवाय तेच तेल पाण्याबरोबर काचेवर जातं. क्लॅम्प उघडून कोमट पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश, एवढंच. आवळायचं असेल तर अॅलन कीने पाव फेरा द्या, खटका दाबून बघा, परत पाव फेरा. खटका अंगठ्याने बंद झाला पाहिजे. तळहात मारून बंद करावा लागत असेल तर जास्त आवळलाय.

उघडताना आधी सगळ्यात वरची बारीक नळी वर सारायची, तिचा क्लॅम्प बंद करायचा, मग तिच्या खालची, असं करत जाड नळीपर्यंत यायचं. बंद करताना उलटं, आधी खालची जाड. म्हणजे प्रत्येक वेळी पुढचा क्लॅम्प आपल्या हाताशी येतो. वरच्या नळ्या एकदम सोडून दिल्या तर त्या खाडकन खाली येतात, एकदा माझं बोट चिमटलं होतं, नख काळं पडून गळालं. आणि प्रत्येक नळीवर ती किती बाहेर काढायची त्याची एक खूण असते, नसेल तर पांढऱ्या मार्करने तुम्ही करा. अजून सहा इंच मिळतील म्हणून खुणेच्या पुढे ओढली की सगळा ताण तेवढ्याशा जोडावर येतो आणि नळी तिथेच फुटते.

तळाला एक रबरी बूच असतं. तेवढ्याशा बुचाकडे कुणी बघत नाही, पण ते हरवलं आणि पोल फरशीवर तसाच टेकत राहिला तर नळीची कड पिंजते, धागे सुटतात. कार्बनचे धागे हातात घुसले तर दिसत नाहीत आणि दोन दिवस ठणकतात, म्हणून मोजे घाला. पिंजलेली कड घासायची वेळ आली तर पाणी टाकून ओल्या पॉलिश पेपरनेच घासा आणि तोंडाला मास्क लावा, कोरडी भुकटी छातीत जाणं चांगलं नाही.

महिन्यातून एकदा मी रुपयाचं नाणं घेऊन बसतो. सगळ्या नळ्या सुट्या करायच्या, सतरंजीवर मांडायच्या आणि नाण्याने इंचाइंचावर टकटक करत जायचं. चांगल्या नळीचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा, खणखणीत येतो. आतून पदर सुटला असेल तर तेवढ्या जागी आवाज बसका होतो, मातीच्या तडा गेलेल्या माठासारखा. मागच्या पावसाळ्यात कार्बनच्या पोलच्या चौथ्या नळीवर असा चार बोटांचा पट्टा सापडला, डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. तो पोल दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात उघडणार होतो. टेप गुंडाळून चालवू असं एकाने सुचवलं, मी नाही म्हटलं, नळी बाजूला काढली. नवी एक नळी यायला पाच आठवडे लागले आणि तेवढे दिवस अॅल्युमिनियमवर काढले. म्हणून घेताना हे विचाराच विचारा की सुटी नळी, सुटा क्लॅम्प मिळतो का आणि किती दिवसात, जो म्हणेल की पूर्ण पोलच घ्यावा लागेल त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

जेट चोंदले तर सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि धार फाटते. ब्रशचा एखादा नायलॉनचा केस कापून घ्या आणि तो आत फिरवा. ब्रश टांगून ठेवा, केसांवर उभा ठेवला की केस एका बाजूला वळतात आणि मग चौकटीच्या कोपऱ्यात शिरत नाहीत. पोल ओला पिशवीत घालू नका. गाडीच्या टपावर उघडा बांधून दिवसभर उन्हात फिरवू नका, उन्हाने वरचा लेप जातो आणि क्लॅम्पचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं.

विजेच्या तारा. हे मी सगळ्यांना ओरडून सांगतो. कार्बनमधून वीज जाते हे वर लिहिलंय, आणि ग्लास फायबर कोरडा असताना ठीक पण बाहेरून घाण पाणी ओघळत असताना त्याचाही भरवसा नाही. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी महावितरणच्या उघड्या तारा इमारतीच्या अगदी कुशीतून गेलेल्या असतात. पोल पूर्ण उघडला आणि हातातून सुटून कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही, एवढं अंतर असेल तरच काम घ्यायचं. मी चांगल्या पैशाची दोन कामं यासाठी सोडली. दुकानाचे दिव्यांचे बोर्ड, एसीचे बाहेरचे युनिट हे पण आधी बघून घ्या आणि बोर्डाचा स्विच मालकाकडून बंद करून घ्या.

हा पोल कुठे चालत नाही तेही सांगतो. आपल्याकडच्या सोसायट्यांमधे निम्म्या खिडक्यांना लोखंडी ग्रिल, त्यात कुंड्या, कपड्यांच्या दोऱ्या, आतून डासांची जाळी. ग्रिलमधून ब्रश जात नाही, गेला तर निघत नाही. तिथे जमणार नाही असं स्वच्छ सांगायचं. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीतली भोकं बुजलेली असतील तर पाणी आत येतं. काचेच्या कडेचं सिलिकॉन सुटलेलं असेल तर त्याहून वाईट, एका शोरूमला आम्ही धुतलं आणि आत छताच्या पीओपीवर मोठा पिवळा डाग पडला, मालक तापला आणि त्याचं बरोबरच होतं, आम्ही आधी बघायला हवं होतं. आता पहिल्यांदा जातो तिथे एक काच निवडून पाच मिनिटं नुसतं पाणी सोडतो आणि एक जण आत उभा राहून बघतो. रंगाचे शिंतोडे, सिमेंट, वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्याने बसलेले क्षाराचे पांढरे थर हे नुसत्या शुद्ध पाण्याने निघत नाहीत, गिऱ्हाइकाला आधीच सांगा. कबुतराची विष्ठा निघते पण आधी दहा मिनिटं भिजवावी लागते. आणि पहिल्या धुण्याला दुप्पट वेळ धरा, कारण चौकटीच्या वरच्या कडेला साठलेली घाण दुसऱ्या दिवसापर्यंत ओघळत राहते, म्हणून आधी चौकट, ती निथळू द्यायची, मग काच, मग ब्रश काचेपासून किंचित वर उचलून नुसतं पाणी.

सोलरचं काम आता खूप वाढलंय, २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आल्यापासून तीन किलोवॉटला ७८ हजारापर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे घरोघरच्या गच्चीवर पॅनल दिसतायत. त्याला महागडा कार्बन लागत नाही. अॅल्युमिनियमचा किंवा हायब्रिडचा पंधरा-वीस फुटी पोल आणि रुंद मऊ ब्रश भरपूर झाला. सकाळी आठच्या आत उरका, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, आणि पॅनलवर पाय देऊन चढू नका, कुणी कितीही म्हणालं तरी.

तर माझ्या अनुभवाने, रोजचं काम काचांचं आणि एका मजल्याच्या वर असेल तर पैसे साठवून खरा कार्बनच घ्या, माझ्या पोलचे अठ्ठावन्न हजार आठ-नऊ महिन्यात वसूल झाले. एक मजला आणि सोलर एवढंच असेल तर हायब्रिड, मीटर लावून, हायब्रिडच्याच भावात. अॅल्युमिनियम शिकायला आणि अडीनडीला. पैसे कमी असतील तर पोल एक पायरी खालचा घ्या पण पाण्याच्या सोयीत काटकसर करू नका, डाग पडले तर गिऱ्हाईक पोल बघत नाही, काच बघतं.

नवीन मुलगा आला की त्याला आम्ही पहिले दोन दिवस इमारतीकडे नेतच नाही. अंगणात पोल निम्मा उघडायचा, कंपाउंडच्या भिंतीवर खडूने चौकटी काढलेल्या आहेत त्यावर ब्रश चालवायचा, हातांनी कमी आणि गुडघ्यातून, कमरेतून जास्त, मान वर करून बघायची सवय होईपर्यंत. ज्याचं मनगट मोडलं होतं ना, तोच आता हे शिकवतो.